आधी शेगडी खाली उतरवा

समस्त औरादकर, त्यांचे सोयरेधायरे आणि आठवडी बाजाराला येणारे तमाम सज्जन यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गावात आता एक संडास असा आहे, जो ताशी साठ किलोमीटर वेगाने हुमनाबादच्या दिशेने जाऊ शकतो. त्याच्यासोबत एक पलंग, एक सोफा, एक फ्रीज, एक एसी, दोन बर्नरची शेगडी आणि मी एवढेही जातो, पण ते सगळे दुय्यम. या विधानात कोणाला अतिशयोक्ती वाटल्यास त्यांनी माझ्या खताबियाण्याच्या दुकानी समक्ष यावे. चहा मिळेल. खात्री करून घ्यायला गाडीही मिळेल, पण एका अटीवर. ती अट काय, तेच आता सांगायचं आहे.

गाडी मी हैदराबादच्या एका गृहस्थाकडून घेतली. मिनीबसच्या सांगाड्यावर त्यांनी हौसेनं आख्खं घर बांधून घेतलं होतं. त्यांची मुलं परदेशी गेली, गाडी शेडमध्ये धूळ खात पडली, आणि मी ती बघायला म्हणून गेलो तो चालवतच परत आलो. औरादच्या चौकात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा एसटीची वाट बघणाऱ्या चौघांनी हात केला. एक म्हातारे तर पिशवीसकट चढले, आतला सोफा बघितला, फ्रीज बघितला, चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाले, "चुकलं बगा. मला उदगीरला जायचं व्हतं."

खरं सांगायचं तर गाडी घेतली मी माझ्या हौसेपायी आणि नाव सांगितलं अक्काचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. तिला मूलबाळ नाही. जन्मभर शाळेत शिकवलं आणि नोकरी संपल्यावर आमच्याकडं राहायला आली. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळं तिला कमोडच लागतो. आणि अर्ध्यापाऊण तासाला उठावं लागतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या असत्या तर निभावलं असतं. दोन्ही एकत्र आल्या आणि अक्काचं जग आमच्या अंगणाच्या फाटकापाशी संपलं. नऊ वर्षं ती औरादच्या बाहेर गेली नव्हती. राजेश्वरला आमचा मधला भाऊ, मी त्याला दादा म्हणतो, शेती करतो. त्याच्या मुलाच्या लग्नात अक्कानं अक्षता टाकल्या त्या मोबाईलच्या पडद्यावर. नंतर त्या फोनच्या कव्हरमधून मी आठ दिवस तांदूळ काढत होतो.

आणि आता त्याच मुलाला मुलगी झाली होती. बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच. दादाला मुलगी नाही, मलाही नाही. दोन पिढ्यांत आमच्या घरात आत्या अशी एकच, अक्का. दादा फोनवर म्हणाला, "काळजी करू नगंस अक्का, फोन पाळण्यात ठिवतो. तू हितूनच सांग."

अक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफलं बघत राहिली. मग म्हणाली, "फोनला कान हाय का लेकराचा कान हाय?" आणि उठून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

इथं मी रंगमंचावर प्रवेश केला. छाती काढून म्हणालो, "अक्का, ही गाडी कुणासाठी घेतलीय? तुझ्यासाठी! आत कमोड हाय. वाटंल तवा ऊठ, वाटंल तवा जा."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कळलं. मला वाटलं तुमच्यासाठी घेतलीय." ती या गाडीला 'सवत' म्हणते. रविवारी सकाळी मी गाडीखाली झोपून ग्रीस मारतो, बॅटरीत पाणी बघतो, एसीची जाळी धुतो, मैल्याच्या टाकीचा जाड पाईप लावून ती आमच्या शोषखड्ड्यात रिकामी करतो. बायकोच्या मते इतकी सेवा मी सासऱ्यांचीही केली नाही. विजेच्या लोंबत्या तारा वर उचलायला टोकाला दुबेळकं, म्हणजे दुफाटा, असलेला एक वेळू आम्ही गाडीत ठेवतो, आणि तो धरून गल्लीत पुढं चालायचं काम मात्र तिच्याकडं आहे. तारा उचलताना ती माझ्याकडं जे बघते, ते इथं लिहिता येणार नाही.

"ठीक हाय," ती म्हणाली. "अक्का ह्यात बसून राजेश्वरला जाऊन आल्या, तर मी गाडीला नारळ फोडीन. न्हाई तर ती परत हैदराबादला."

अक्काला गाडी दाखवायला नेलं. ती सोफ्यावर बसली, पडदे बघितले, चहा प्याली. मग मी एखाद्या राजवाड्याचं दार उघडावं तसं ते छोटं दार उघडलं. आत पांढराशुभ्र कमोड, हाताला धरायला दांडी, बटण दाबलं की पाणी. अक्का बघत राहिली. मग तिनं मान वळवली. दाराला लागूनच शेगडी होती. मध्ये बोटभर जाडीचं प्लाय. शेगडीच्या वर फळीवर खंडोबाची तसबीर, जी माझ्याच बायकोनं हळदकुंकू लावून बसवलेली.

"आरं," अक्का म्हणाली, "चुलीला पाठ लावून संडास? आन् वर देव?"

"अक्का, हल्ली शहरात असंच..."

"शहरात असंल. मी ह्यात जाणार न्हाई."

आणि ती खाली उतरून घरात गेली. जिनं तीस वर्षं पोरांना शौचालयाचं महत्त्व शिकवलं, भिंतीवर चित्रं काढून घेतली, त्या बाईला एक बोटभर भिंत आडवी आली. मी प्लायवर दुसरं प्लाय मारलं. न्हाई. मध्ये जाड पडदा लावला. न्हाई. देव पुढं काचेपाशी नेतो म्हणालो. "मग चूल?" चुलीला दुसरी जागाच नव्हती.

पण अक्का हरणारी नव्हती. तिनं वही काढली आणि आखणी केली. औराद ते राजेश्वर या वाटेवर तिच्या ओळखीत कमोड कुणाकुणाकडं आहे, त्याची यादी. बीदरला तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई. हुमनाबादला एक जुना विद्यार्थी, आता डॉक्टर. राजेश्वरला दादाकडं तर उकिडवं बसायचाच संडास, म्हणून तिथं पाण्याला हात लावायचा नाही. भालकीवरून गेलो असतो तर रस्ता जवळ पडला असता, पण भालकीत अक्काच्या ओळखीचा एकही कमोड नव्हता. म्हणून आम्ही बीदरवरून जायचं ठरलं. कमोडासाठी आख्ख्या प्रवासाची दिशा बदलणारा इसम या जिल्ह्यात मी पहिलाच असेन.

बारसं दुपारी चारला. आम्ही सकाळी निघालो. आदल्या संध्याकाळपासून अक्कानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नवी इरकल नेसली होती, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी, आणि डोळे खिडकीला. फाटक मागं पडलं तेव्हा तिनं पिशवीची गाठ घट्ट धरली. बीदरला बाईंच्या घरी थांबलो. बाई दारात उभ्याच होत्या, बिचाऱ्या गळाभेट घ्यायला आल्या, अक्का त्यांना ओलांडून आत. गळाभेट नंतर झाली. तिथून पुढं हुमनाबादपर्यंत काही नाही, पण तासाभराचा तर रस्ता. अक्का म्हणाली, "कुटं थांबू नगंस."

मी थांबलो.

मन्नाएखेळ्ळीला हायवेलगत एक हॉटेल आहे. तिथला मालक माझ्याकडून सोयाबीनचं बियाणं नेतो. गाडी दिसली तसा तो रस्त्यातच आडवा आला. "अण्णा, माझ्या दारावरून चुरमुऱ्याचा सुशिला न खाता जाताव?" आणि मी उतरलो. पाच मिनिटांत गाडीभोवती वीसेक माणसं जमली. आता मला सांगा, असा जमाव समोर असताना कोण गप्प बसेल? मी गाडीचा एकेक अवयव दाखवायला लागलो. इकडं एसी. वर सोलर. "आन् ही बगा, दोन तोंडं." गाडीच्या एकाच कुशीला दोन झाकणं आहेत, एक पाण्याचं आणि एक डिझेलचं. दोन्ही उघडून दाखवली. "एक गाडीला पाजायचं, एक माणसांना." लोक हसले. मला आणखी चेव आला.

हॉटेलवाल्यानं विचारलं, "पाणी भरू का अण्णा?" आमच्याकडं दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि त्याच्या बोअरला पाणी भरपूर. मी भाषणातच होतो. हात हलवून म्हणालो, "भर की!"

त्यानं नळी घातली. कुठल्या तोंडात घातली, ते बघायला मी तिकडं तोंड केलं असतं तर ही हकिकत इथंच संपली असती.

गावापासून तीनेक किलोमीटर गेलो असू. गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, मग पांढरा धूर सोडला आणि माळावर येऊन शांत झाली. चावी फिरवली, नुसती घरघर. मी खाली उतरलो, डिझेलच्या झाकणाला हात लावला. झाकण ओलं. बोट आत घातलं, वास घेतला. मग मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो.

बायको खिडकीतून म्हणाली, "काय झालं?"

"डिझेलच्या टाकीत पाणी."

"आन् पाण्याच्या टाकीत?"

"पाणीच. ती मी घरूनच भरली व्हती."

"म्हंजे माणसांच्या पाण्याची सोय झालीय," ती म्हणाली, "नुसती गाडीचीच जास्त झाली."

मन्नाएखेळ्ळीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो, चावी फिरवू नका, पाणी पंपात जाईल. इंजिन जुन्या बनावटीचं आहे म्हणून वाचेल, नवं असतं तर कल्याण होतं. मी फोन ठेवला आणि मागं वळून बघितलं. अक्का सोफ्यावर ताठ बसली होती. बीदर सोडून पाऊण तास झाला होता. पिशवी मांडीवरून खाली गेली होती आणि दोन्ही हात सोफ्याच्या कडेला घट्ट.

बाहेर तांबडा माळ. तुरी काढून झालेल्या, शेतं मोकळी, आडोसा म्हणून बांधावर एक बाभळ, तीही निम्मी वाळलेली. आणि आडोसा असता तरी अक्काचे गुडघे.

तेवढ्यात दादाचा फोन. "कुटं हाव? बाया इचाराय लागल्यात. न्हाई जमलं तर फोन लावतो मंग. आमच्या पोरानं चार्ज करून ठिवलाय."

अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला. "पाळणा थांबीव," म्हणाली, आणि बंद केला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आदल्या दिवसापासून पाणी न प्यालेल्या बाईच्या डोळ्यांत ते कुठून आलं, कोण जाणे. मी लहान असताना माझं शेंबडं नाक पुसणारी, माझ्या शाळेच्या फीसाठी हेडमास्तरांशी भांडणारी माझी बहीण माझ्याच गाडीत माझ्याच मूर्खपणानं अडकली होती.

बोलली ती बायको. "अक्का," तिनं हळूच विचारलं, "शेगडी हितं नसली तर?"

अक्कानं तिच्याकडं बघितलं. "म्हंजे?"

"शेगडी खाली काढून ठिवली तर. मंग हे स्वयपाकघर ऱ्हाईल का?"

अक्का जन्मभराची मास्तरीण. तिनं उत्तर तपासून बघितलं. मनातल्या मनात, पण ओठ हलत होते. मग म्हणाली, "चूल न्हाई तर घर न्हाई. नुसती गाडी." आणि लगेच, "देव बी खाली. मीठ बी."

बायको माझ्याकडं वळली. "अवो, बगत काय बसलाव? काढा की!"

आणि मन्नाएखेळ्ळीच्या पुढं, भर दिवसा, हायवेच्या कडेला आमचं स्वयंपाकघर उतरलं. शेगडी. छोटा सिलिंडर. मिठाची बरणी, पिठाचा डबा, शेंगाची चटणी, भाकरीची टोपली. शेवटी खंडोबा. तसबीर माझ्या हातात देऊन बायको म्हणाली, "वीस पावलं लांब जा. आन् देवाचं तोंड तिकडं करा." मी माळाकडं तोंड करून देव धरून उभा राहिलो. देवालाही असा मोकळा माळ बऱ्याच दिवसांनी बघायला मिळाला असावा.

एक टेम्पो हळू झाला. ड्रायव्हरनं शेगडी बघितली, भाकरीची टोपली बघितली, देव घेऊन उभा असलेला मी बघितला. "काय अण्णा, घर खाली करायलाव का?"

"व्हय," मी म्हणालो. "मालकीणबाईनं अर्ध्या तासाची मुदत दिलीय."

"लई वाईट काळ आलाय," तो म्हणाला आणि एक बिडी माझ्याकडं टाकून गेला.

अक्का आत गेली, दार लागलं. मग पाण्याच्या पंपाची घर्रर्र. मग थोड्या वेळानं पुन्हा घर्रर्र. मी घाबरलो. बायको हळूच दारापाशी गेली. "अक्का?"

आतून आवाज आला, "काही न्हाई गं. पुन्हा दाबून बगितलं. कसं जोरात पाणी येतंय!"

ती बाहेर आली तेव्हा चेहरा असा, जसा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराचा असतो. पायरीवर बसली आणि म्हणाली, "पाणी दे." तांब्याभर पाणी गटागटा प्याली. आदल्या संध्याकाळपासूनचं पहिलं पाणी. "च्या बी ठेव." शेगडी वर चढवली, देव चढवला, चहा झाला, अक्कानं दोन कप घेतले. भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली, वर ताक. नऊ वर्षांत मी तिला घराबाहेर असं निवांत खातापिताना बघितलं नव्हतं.

मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. गाडीखाली सरकला, टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला आणि डब्यात बघून म्हणाला, "क्या सेठ, इसकू इत्ता पानी कायकू पिलाए?"

"मी न्हाई, पाहुणचारानं पाजलं."

त्यानं डबे भरभरून पाणी काढलं, खालून शुद्ध डिझेल येईपर्यंत. फिल्टर बदलला. मग हातपंप मारून पाईपातली हवा काढायला लागला. काम निम्म्यावर आलं आणि अक्का उठून उभी राहिली. बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. लगेच शेगडी उचलली.

मेकॅनिक गाडीखालून बघतोय. बरणी गेली, डबा गेला, मी देव घेऊन माळाकडं चाललोय. "ये क्या चल रा सेठ?"

मी सांगितलं. आता हा हसणार, असं मला वाटलं. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि गंभीरपणे मान हलवली. "हौ, बराबर हाय अम्माका. चूल्हा अलग, वो अलग." आणि सिलिंडर त्यानं स्वतः उचलून खाली ठेवला. नंतर वर चढवूनही दिला. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत. म्हणाला, डिझेलच्या कामाचे द्या, सिलिंडर अम्माका.

गाडी सुरू झाली तेव्हा तीन वाजत आले होते. हुमनाबादच्या डॉक्टरचं घर आलं आणि मागं गेलं. मी विचारलं, "थांबू का?"

"कामून?" अक्का म्हणाली. "त्याच्याकडं कशाला? आपलं हाय की." त्या 'आपलं'वर मी आरशातून बायकोकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघून हसत होती. मग एकदा कडेला थांबलो, शेगडी उतरवली, चढवली. आता आम्हाला सराव झाला होता, चार मिनिटांत काम.

राजेश्वरला दादाच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि गाडी अडली. गल्लीत तारा इतक्या खाली की बायकोचा वेळूही कामाचा नाही. गाडी वेशीतल्या लिंबाखाली लावली. तिथून दादाचं घर दोनशे पावलं. अक्का माझा हात धरून चालत निघाली, आणि गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. "आत्याबाई आल्या! अगं, अवरादच्या आत्याबाई!" कुणी पायाला हात लावतंय, कुणी पदर धरतंय. दादा दारात उभा होता. "आलीस व्हय?" एवढंच म्हणाला. त्याच्यामागं त्याचा मुलगा चार्ज केलेला फोन हातात धरून उभा. अक्कानं तो त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्याच खिशात घातला.

पाळणा झेंडूच्या फुलांनी सजवलेला. बाया गोल करून बसल्या. अक्कासाठी खुर्ची ठेवली होती. ती बसायच्या आधी तिच्या घशाखाली दादाच्या सुनेनं मोठ्या कौतुकानं एक फुलपात्र पाणी, एक कप चहा आणि पेलाभर सरबत घातलं, आणि अक्कानं, ज्या अक्कानं नऊ वर्षं कुणाच्या घरी पाण्याला हात लावला नव्हता, ते सगळं घेतलं. मी दाराशी उभा होतो. मला तेव्हाच हिशेब लागायला हवा होता.

पाळण्याची गाणी झाली. बाळ जागंच होतं, मूठ चोखत होतं. अक्का खुर्चीतून पुढं वाकली. गुडघे वाकत नाहीत, पण पाठ वाकते. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तिनं काहीतरी सांगितलं, पुष्कळ वेळ सांगितलं. नाव एवढं लांब नव्हतं. बाकीचं काय सांगितलं ते त्या दोघींनाच माहीत. बाळानं मूठ सोडली आणि अक्काचं नाक धरलं.

आता रीत अशी, की आत्यानं कानात 'कुर्रर्र' केलं की बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आणि या बाया नऊ वर्षांच्या धपाट्यांची वाट बघत बसलेल्या. "कुर्रर्र!" झालं आणि चहूबाजूंनी हात सुटले. धप, धप, धप. दादाची बायको, तिच्या जावा, शेजारणी, कुणीच मागं राहायला तयार नाही. माझ्या बायकोनंही दोन घातले. अक्का हसतेय, डोळे पुसतेय, हसतेय. आणि अचानक ती हसता हसता थांबली, एक हात वर केला, आणि सगळ्या बाळंतघराला, गल्लीला, कदाचित वेशीतल्या लिंबालाही ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात ओरडली:

"हळू मारा गं बायांनो, माझी गाडी लांब हुभी हाय!"